शेवटच्या विहिरीवर व्होल्टेज का पडतं? विजेचं जाळं मांडायचं आणि रचायचं गणित

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे. आकडे आहेत, म्हणून ऐकताना कागद-पेन नसेल तर इथे निवांत वाचा.)

मी यवतमाळहून बोलतेय. आज दोन व्हॉइस मेसेजची उत्तरं द्यायची आहेत, आणि गंमत अशी की दोन्हींचं उत्तर एकच आहे.

पहिला मेसेज नेर तालुक्यातल्या एका पोराचा. तो म्हणतो, "ताई, आमची विहीर लाईनच्या अगदी शेवटी हाय. डीपीजवळच्या मोटारी भरभरून पाणी टाकतात, आमची नुसती घुमते. या सीझनले दोन खेपा जयली. बाबा म्हणतात मोठ्या हॉर्सपॉवरची आणू. आणावं का?"

दुसरा मेसेज पुसदच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीचा. "मॅडम, नेटवर्क ॲनालिसिसच्या पेपरात मॅट्रिक्स येतात, ग्राफ येतो, पुढे सिंथेसिस येतं. पाठ करून पास होता येतं, पण हे कशासाठी आहे ते कोणी सांगत नाही."

मग आज आपण असं करू. पुसदच्या ताईचं गणित घेऊन नेरच्या वावरात जाऊ.

आधी कागदावर ठिपके काढू

एसटीच्या पाटीवर काय लिहिलेलं असतं? यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद. घाट कुठे आहे, वळण कुठे आहे, यातलं काहीच त्या पाटीवर नसतं. कुठल्या गावानंतर कुठलं गाव, एवढंच असतं, आणि प्रवाशाला तेवढं पुरतं.

विजेच्या जाळ्याचं पण असंच आहे. तार नाल्याच्या कडेनं गेली की बांधावरून गेली, याच्याशी आपल्याला घेणं नाही. कुठला ठिपका कुठल्या ठिपक्याला जोडलाय, आणि मधल्या तारेचा रेझिस्टन्स किती, या दोनच गोष्टी हव्यात. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, यालाच गणितात ग्राफ म्हणतात. शाळेत आपण आलेख काढायचो, तो ग्राफ वेगळा.

आपलं जाळं असं धरा. एक डीपी. तिच्यापासून एका ओळीत चार विहिरी. नावं देऊ अ, ब, क, ड. ड म्हणजे आपला नेरचा पोरगा. एकूण पाच ठिपके आणि चार तारा.

आता एक टेबल करा. प्रत्येक ठिपक्याला एक आडवी ओळ, प्रत्येक तारेला एक उभा रकाना. तार जिथून निघते तिथे +१, जिथे पोचते तिथे −१, बाकी सगळीकडे शून्य. झालं. हे टेबल म्हणजे तुमचं सगळं जाळं. चित्र फाडून टाकलं तरी या टेबलावरून ते परत काढता येतं. कॉम्प्युटरला चित्र कळत नाही, टेबल कळतं.

या टेबलाची मजा अशी की ते दोन्ही दिशांनी वाचता येतं. आडवी ओळ वाचली की एका ठिपक्यावर कुठकुठल्या तारा येतात ते कळतं. तिथे जेवढा करंट आत आला तेवढाच बाहेर गेला पाहिजे. हा झाला किर्चहॉफचा करंटचा नियम. उभा रकाना वाचला की एका तारेची दोन टोकं कळतात. त्या दोन टोकांच्या व्होल्टेजमधला फरक म्हणजे त्या तारेत पडलेलं व्होल्टेज. यातून दुसरा नियम येतो. तेच टेबल आडवं वाचलं की करंट, उभं वाचलं की व्होल्टेज.

गुस्ताव किर्चहॉफनं हे नियम १८४५ मध्ये मांडले. तेव्हा तो कोनिग्सबर्गला विद्यार्थी होता, वय २१. म्हणजे हे ऐकणाऱ्या बऱ्याच जणांच्याच वयाचा. टेबलाची ही मांडणी पुढच्या गणितज्ञांनी केली, पण गाभा त्याचाच.

अजून एक बघा. प्रत्येक रकान्यात एक +१ आणि एक −१ आहे, म्हणजे बेरीज शून्य. त्यामुळे चार ओळी माहीत असल्या की पाचवी आपोआप कळते. एक ओळ फुकटची आहे. म्हणूनच आपण एका ठिपक्याचं व्होल्टेज आपल्या सोयीनं ठरवतो आणि बाकीचे त्याच्या तुलनेत मोजतो. व्होल्टेज नेहमी दोन ठिकाणांमधलंच असतं. एकट्या तारेला व्होल्टेज नसतं.

आता हिशेब

समजा डीपीवर तीन फेजमध्ये ४१५ व्होल्ट आहेत. एका फेजचे धरले तर २४०. प्रत्येक विहिरीवर ५ हॉर्सपॉवरची मोटर, ती एका फेजमधून साधारण ७ अँपिअर ओढते. दोन विहिरींमध्ये चार-साडेचारशे मीटर तार, तिचा रेझिस्टन्स ०.४ ओहम धरू. खऱ्या लाईनमध्ये याशिवाय रिॲक्टन्स असतो, पॉवर फॅक्टर असतो. ते आज बाजूला ठेवू, नाहीतर मुद्दा हरवेल.

डीपी ते अ या तुकड्यातून किती करंट जातो? चारही मोटारींचा, म्हणजे २८ अँपिअर. अ ते ब मधून तिघांचा, २१. ब ते क मधून १४. क ते ड मधून फक्त ७.

प्रत्येक तुकड्यात पडणारं व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले ०.४. म्हणजे ११.२, ८.४, ५.६ आणि २.८. बेरीज करा. २८ व्होल्ट. डीपीवर २४० आहेत, ड च्या विहिरीवर २१२ राहिले. तीन फेजच्या हिशेबानं ४१५ चे ३६७ झाले.

आता मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २१२ भागिले २४०, त्याचा वर्ग केला की येतात ०.७८. म्हणजे सुरू होतानाचा जोर २२ टक्क्यांनी कमी. मोटर घुमते ती यामुळे. आणि फिरायला लागल्यावर तेवढंच पाणी उचलायला कमी व्होल्टेजवर ती जास्त करंट ओढते. जास्त करंट म्हणजे वाइंडिंग गरम, आणि लाईनमध्ये आणखी व्होल्टेज पडणार. आपला हिशेब जरा दयाळूच आहे, खरी परिस्थिती याहून वाईट असते.

आता याच ओळीवर चार ऐवजी आठ विहिरी झाल्या तर? एक ते आठची बेरीज ३६, गुणिले २.८. येतात १०० व्होल्टच्या वर. विहिरी दुप्पट झाल्या आणि शेवटचा तोटा साडेतीन पटीहून जास्त वाढला. कारण नव्या प्रत्येक विहिरीचा करंट आधीच्या सगळ्या तुकड्यांमधून जातो आणि ओळही लांबते. बोअर वाढले, कनेक्शन वाढले, पण डीपी जुन्याच जागी. मग शेवटच्याची मोटर का जळते, हे कोणाच्या मोटारीत शोधून सापडणार नाही. ते या बेरजेत आहे.

मोठी मोटर आणू का?

बाबांचा प्रश्न. ५ च्या जागी साडेसात हॉर्सपॉवरची मोटर आणली. करंट ७ वरून साडेदहावर गेला. हे वाढीव साडेतीन अँपिअर चारही तुकड्यांमधून येणार. ३.५ गुणिले ०.४ गुणिले ४, म्हणजे ५.६ व्होल्ट आणखी पडले. आणि सगळ्यात जास्त कोणाकडे पडले? ड कडेच. अ कडे फक्त १.४ पडले.

म्हणून माझ्या नेरच्या भावा, बाबांना सांग, मोठी मोटर आणली तर आपलंच व्होल्टेज आपण सगळ्यात जास्त पाडू.

इथे एक सुंदर गोष्ट लपलेली आहे. ड नं साडेतीन अँपिअर वाढवले तर अ चे १.४ व्होल्ट पडतात. आणि अ नं तेवढेच वाढवले तर ड चे किती पडतील? ते पण १.४ च. अदलाबदल केली तरी आकडा तोच. चारही विहिरींचा एकमेकींवरचा परिणाम मांडणारं टेबल केलं तर ते कर्णरेषेच्या दोन्ही बाजूंना आरशासारखं सारखं येतं. रेझिस्टन्सच्या कुठल्याही जाळ्यात हे खरं असतं, कितीही गुंतागुंतीचं असलं तरी. याला रेसिप्रॉसिटी म्हणतात. पुसदच्या ताई, परीक्षेत याचं प्रूफ विचारतात ना, ते हेच.

फरक फक्त एवढाच की अ ला त्याच्या स्वतःच्या वाढीचा त्रास १.४ होतो आणि ड ला स्वतःच्या वाढीचा ५.६. तोच नियम, पण ओळीत जागा कुठे मिळाली यावर नशीब ठरतं.

आता उलटा प्रश्न

आतापर्यंत आपण काय केलं? जाळं दिलं होतं, त्याचं वागणं काढलं. याला म्हणतात ॲनालिसिस. आता उलटं करू. मला असं वागणं हवंय की कोणाचंच व्होल्टेज साधारण साडेआठ व्होल्टपेक्षा जास्त पडू नये. असं जाळं रचून द्या. याला म्हणतात सिंथेसिस. आणि इथे पहिला धडा असा की उत्तर एक नसतं.

उत्तर पहिलं. तार जाड करा. २८ चे ८.४ करायचे तर रेझिस्टन्स ०.३ पट व्हायला हवा. म्हणजे सव्वातीन पटीहून जास्त ॲल्युमिनियम, सगळ्या ओळीभर.

उत्तर दुसरं. समजा लाईन घोड्याच्या नालेसारखी वळून आलीय आणि ड ची विहीर डीपीपासून आडव्या अंतरानं जवळच आहे. मग ड पासून डीपीपर्यंत एक ०.४ ओहमची तार टाकून कडं पूर्ण केलं. आता दोन्ही बाजूंनी १४-१४ अँपिअर येतील. अ आणि ड कडे ५.६ पडले, ब आणि क कडे ८.४. ब आणि क च्या मधल्या तारेतून काहीच करंट जात नाही. जास्तीत जास्त पडझड ८.४ व्होल्ट.

उत्तर तिसरं. तारा आहेत तशाच ठेवा. डीपी उचलून ब च्या विहिरीजवळ न्या. एका बाजूला फक्त अ, तिकडे २.८ पडले. दुसऱ्या बाजूला क आणि ड. ब ते क मध्ये १४ अँपिअर, म्हणजे ५.६. पुढे २.८. ड कडे एकूण ८.४.

बघा, तीन वेगळी जाळी, आणि सगळ्यात वाईट विहिरीचा आकडा तोच, ८.४. गणितानं तिन्ही पर्याय समोर ठेवले. त्यातला कुठला घ्यायचा हे तारेचा खर्च, ११ केव्हीची लाईन कुठून जाते, दुरुस्ती कोण करणार, यावर ठरतं.

तिसऱ्या उत्तराचंच टोक म्हणजे उच्चदाब वितरण प्रणाली. ज्याला एचव्हीडीएस म्हणतात आणि महावितरणनं शेतीपंपांसाठी राबवली, ती. एक मोठी डीपी आणि लांबच लांब लघुदाबाची तार याऐवजी ११ केव्हीच विहिरीजवळ न्यायची आणि तिथे एक-दोन पंपांपुरता छोटा ट्रान्सफॉर्मर लावायचा. ११,००० भागिले ४१५ केले तर साडेसव्वीसच्या आसपास येतात. तेवढीच वीज न्यायला करंट साडेसव्वीस पट कमी लागतो. त्याच तारेत टक्केवारीनं पडणारं व्होल्टेज याच्या वर्गानं, म्हणजे सातशे पट कमी होतं. म्हणून ही युक्ती चालते.

आणि आता एक गोष्ट मी दरडावून सांगते. हे वाचून कोणी खांबावर चढायचं नाही. कडं पूर्ण करणं, दोन डीपींच्या लाईनी एकमेकींना जोडणं, आकडा टाकणं, यातलं काहीही स्वतः करायचं नाही. लाईन एका बाजूनं बंद केली असं समजून लाईनमन खांबावर चढतो आणि दुसऱ्या बाजूनं वीज परत आलेली असते. असं करून माणसं मेली आहेत. शेतीच्या लाईनी बहुतेक एकाच बाजूनं चालवतात त्याचं एक कारणच हे आहे, की बिघाड शोधणं आणि लाईन बंद करणं सोपं जावं.

कुठली तार तुटली तर अंधार?

कड्याचा दुसरा फायदा व्होल्टेजचा नाही, भरवशाचा आहे. आणि त्याचं पण गणित आहे.

जाळ्यातले कुठलेही दोन ठिपके घ्या आणि बाहेरून त्यांना मीटर लावा. आतलं काही बघायचं नाही. मीटर एक आकडा दाखवेल. हा त्या दोन ठिपक्यांमधला परिणामी रेझिस्टन्स. १९९३ मध्ये क्लाइन आणि रँडिच यांनी याला रेझिस्टन्स डिस्टन्स असं नाव दिलं. ते रसायनशास्त्राकडून आले होते, त्यांना रेणूंमधले अणू एकमेकांपासून किती लांब आहेत हे मोजायचं होतं. म्हणजे ओहम हे अंतर मोजायचं एकक झालं! वाटा जास्त असल्या की अंतर कमी. आपल्याकडे दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक राहिलेल्या रवींद्र बापट यांनी या विषयावर मोठं काम केलंय. त्यांच्या 'ग्राफ्स अँड मॅट्रिसेस' या पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण आहे. आपण मघाशी केलेलं +१, −१ चं टेबल त्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच भेटतं.

आता आपल्या ओळीत बघा. अ आणि ब मधली तार ०.४ ओहमची. बाहेरून मोजलं तरी ०.४ च, कारण दुसरी वाटच नाही. भागाकार केला तर १. चारही तारांचं तसंच. चार वेळा १, बेरीज ४. एक म्हणजे काय? ही तार गेली की पुढचे सगळे अंधारात.

कड्यात बघा. त्याच तारेला आता दुसरी वाट आहे, उरलेल्या चार तुकड्यांची, १.६ ओहमची. ०.४ आणि १.६ समांतर धरले की ०.३२ येतात. भागिले ०.४ केले की ०.८. पाच तारा, प्रत्येकी ०.८, बेरीज परत ४!

हा योगायोग नाही. रोनाल्ड फॉस्टर नावाच्या गणितज्ञानं सिद्ध केलंय की जोडलेल्या कुठल्याही जाळ्यात ही बेरीज ठिपक्यांच्या संख्येपेक्षा एकनं कमी येते. आपले ठिपके पाच, म्हणून चार. तुम्ही कितीही तारा टाका, एकूण भार तेवढाच राहतो. तारा वाढल्या की तो जास्त जणींमध्ये वाटला जातो आणि एकेकीवरची जबाबदारी कमी होते. घरी एक रिंग काढून करून बघा, मजा येते.

मसावि आणि सिंथेसिस

पुसदच्या ताई, तुमचा पेपर इथून सुरू होतो.

तुमच्याकडे फक्त १ ओहमचे रेझिस्टर आहेत. मला सात पंचमांश, म्हणजे १.४ ओहम बनवून हवेत. काय कराल?

शाळेत भागाकारानं मसावि काढायचो तसं करा. ७ ला ५ नं भागा. भाग १, बाकी २. आता ५ ला २ नं भागा. भाग २, बाकी १. आता २ ला १ नं भागा. भाग २, बाकी शून्य. भाग काय काय आले? १, २, २.

आता हे भागच जोडणी सांगतात. पहिला १ म्हणजे एक रेझिस्टर सिरीजमध्ये. दुसरा २ म्हणजे त्याच्यापुढे दोन रेझिस्टर पॅरललमध्ये. तिसरा २ म्हणजे त्यांनाच पॅरलल अशी आणखी एक फांदी, जिच्यात दोन रेझिस्टर सिरीजमध्ये. पडताळून बघा. दोन पॅरललचे अर्धा ओहम, त्याला २ ओहम पॅरलल, झाले ०.४. त्यात पहिला १ मिळवला की १.४. पाच रेझिस्टरमध्ये काम झालं, आणि चित्र शिडीसारखं दिसतं. हा एकमेकांना भागत जाण्याचा प्रकार आपल्याकडे आर्यभटापासून कुट्टक म्हणून माहीत आहे. तो समीकरणं सोडवायला वापरत, इथे तो सर्किट रचतो.

१९२६ मध्ये विल्हेल्म कावर या जर्मन तरुणानं बर्लिनमध्ये हेच केलं, फक्त साध्या आकड्यांऐवजी फ्रिक्वेन्सीच्या बहुपदी घेतल्या. तोच भागाकार. पण आता भाग म्हणून कॉइल आणि कपॅसिटर बाहेर पडतात. त्याच्या दोन वर्षं आधी, १९२४ मध्ये, मघाच्या त्याच फॉस्टरनं फक्त कॉइल आणि कपॅसिटरच्या जाळ्यांसाठी दुसरी एक रीत दिली होती. तुमच्या पुस्तकात फॉस्टर फॉर्म आणि कावर फॉर्म आहेत ना, ती ही दोन माणसं. तुमच्या फोनमध्ये हजार सिग्नलमधून आपल्याच बँडचा सिग्नल वेगळा काढणारे फिल्टर असतात. त्यांच्यातही ही शिडीची मांडणी आजही वापरतात.

मग प्रश्न आला, कुठलं वागणं मागता येतं? मनाला येईल ते मागितलं तर मिळेल का? १९३१ मध्ये ऑटो ब्रून यानं याचं उत्तर दिलं. तो दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत एमआयटीला शिकायला आलेला विद्यार्थी. त्याचं उत्तर साध्या भाषेत असं, की जो डबा स्वतःहून वीज तयार करत नाही, फक्त खातो किंवा साठवून परत देतो, त्याच्या वागण्यावर गणिताची एक ठराविक अट लागू होते. आणि ती अट पाळणारं कुठलंही वागणं खरोखर बांधता येतं. 'पॉझिटिव्ह रिअल' हा शब्द त्याचा.

पण ब्रूनच्या रीतीत आदर्श ट्रान्सफॉर्मर लागायचा, जो बाजारात मिळत नाही. १९४९ मध्ये राउल बॉट आणि रिचर्ड डफिन यांनी ट्रान्सफॉर्मरशिवाय ते करून दाखवलं. त्यांचा शोधनिबंध अगदीच छोटा आहे. बॉट मूळचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, पुढे हार्वर्डला मोठा गणितज्ञ झाला. त्यांची रीत चालते, पण पार्ट खूप लागतात. कमीत कमी किती पार्टमध्ये काम होईल, यावर लोक अजून डोकं लावताहेत.

या जुन्या गणिताला नवी पालवी कुठे फुटली माहितीय? रेसच्या गाडीत. केंब्रिजच्या माल्कम स्मिथ यांनी २००२ मध्ये विचारलं, की स्प्रिंग आणि डॅम्परची जाळी पण विजेच्या जाळ्यासारखीच असतात, मग कपॅसिटरचा खरा जोडीदार कोण? तो नव्हता. त्यांनी तो बनवला, नाव ठेवलं इनर्टर. २००५ मध्ये मॅक्लारेनची फॉर्म्युला वन गाडी तो लावून धावली. बॉट आणि डफिन यांची रीत सस्पेन्शनला कामी आली.

एवढ्या मोठ्या जाळ्याचं काय?

आपलं जाळं पाच ठिपक्यांचं. खऱ्या जाळ्यात हजारो ठिपके असतात. टेबल प्रचंड मोठं, पण बहुतेक घरांमध्ये शून्य, कारण एक ठिपका दोन-चार शेजाऱ्यांनाच जोडलेला असतो. म्हणून युक्ती अशी, की जाळं योग्य जागी फोडायचं, तुकडे वेगवेगळे सोडवायचे आणि मग सांधे जुळवायचे. कुठे फोडलं तर सांधे कमीत कमी येतील, हाच मोठा प्रश्न. आपल्याच राज्यात, आयआयटी मुंबईत, प्राध्यापक एच. नारायणन यांनी यावर आयुष्यभर काम केलं. १९९७ मध्ये आलेलं त्यांचं 'सबमॉड्युलर फंक्शन्स अँड इलेक्ट्रिकल नेटवर्क्स' हे जाडजूड पुस्तक जगभरचे लोक वाचतात. पुसदहून ज्यांना पुढे शिकायचंय त्यांनी हे नाव लक्षात ठेवा.

मग करायचं काय?

नेरच्या भावा, तुझ्यासाठी तीन कामं.

एक. मोठी मोटर आणू नका. आहे त्या मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर माहीतगार वायरमनकडून बसवून घ्या आणि शेजाऱ्यांनाही बसवायला सांगा. पॉवर फॅक्टर ०.७ वरून ०.९ वर गेला तर तारेतला करंट २२ टक्क्यांनी कमी होतो आणि तारेत वाया जाणारी वीज सुमारे ४० टक्क्यांनी. एकट्यानं बसवून थोडा फरक पडेल. ओळीतल्या सगळ्यांनी बसवला तर शेवटच्या टोकाला खरा आधार मिळतो.

दोन. ऑटोस्विचवर सगळ्यांनी एकमेकांशी बोला. लाईट येताक्षणी सगळ्या मोटारी एकदम उठतात, आणि उठताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. आपल्या २८ अँपिअरचे एकदम किती झाले बघा. दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं सुरू करायचं ठरवलं तर त्याला एक रुपया खर्च नाही.

तीन. कागदावर तुमची ओळ काढा. डीपी, खांब मोजून अंतर, कोणाची किती हॉर्सपॉवर. बेरीज करा. जमलं तर डीपीजवळ आणि शेवटी, एकाच वेळी व्होल्टेज किती आहे ते वायरमनकडून मोजून घ्या. मग अर्ज लिहा. "व्होल्टेज कमी येते, कृपया दखल घ्यावी" असे अर्ज ढिगानं येतात. त्याच अर्जाला चित्र, आकडे आणि "डीपी इथे हलवली तर इतका फरक पडेल" असा हिशेब जोडला, ओळीतल्या आठही जणांच्या सह्या घेतल्या, तर समोरच्या इंजिनिअरला उत्तर द्यावंच लागतं. कारण तोही हेच गणित शिकून आलेला असतो.

आणि पुसदच्या ताई, तुमच्या प्रोजेक्टचा विषय मिळाला असेल. गावातली एक डीपी निवडा, टेबल मांडा, आणि डीपी कुठे असायला हवी ते काढा. गाईडला दाखवा, आणि शेतकऱ्यालाही दाखवा.

कोणी असा कागद काढला तर त्याचा फोटो मला नक्की पाठवा. हिशेब अडला तर पुढच्या भागात आपण मिळून सोडवू. आणि ज्याची विहीर ओळीच्या शेवटी आहे अशा मित्राला हा भाग पाठवायला विसरू नका. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.